बायकांच्या हौदाकडचं दार

टोप्लिका गावच्या इस्पितळात इतक्या सिस्टर, पण ब्रदर एकटाच. स्विलेन. पुरुषाच्या जातीला हे काम शोभत नाही असं गावात पुष्कळांना वाटायचं, पण तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण त्याचे खांदे. तो आधी खाणीत होता. खाण बंद झाली तेव्हा बरोबरीचे सगळे ट्रक चालवायला जर्मनीला निघून गेले. हा मात्र आईच्या आजारपणात मागे राहिला. तिचं अंथरुणातलं सगळं त्यानं केलं, आणि ती गेल्यावर एक दिवस सरळ जाऊन नर्सिंगच्या शाळेत नाव घालून आला. "हात रिकामे राहवत नाहीत," एवढंच त्यानं कारण सांगितलं.

इस्पितळ गरम पाण्याच्या झऱ्यावर बांधलेलं. गुडघे धरलेले, कंबर मोडलेली, ऑपरेशनातून उठलेली माणसं इथं आठवडा-दोन आठवडे राहतात, मालीश घेतात, हौदात डुंबतात. तळमजल्यावर डावीकडे पुरुषांचा हौद, उजवीकडे बायकांचा. उजवीकडच्या दारात खुर्ची टाकून स्तोइना बसायची. नर माशीसुद्धा तिची नजर चुकवून आत जाऊ शकत नाही, असं लोक म्हणत.

स्विलेनचं काम चोख होतं. सुई लावली तर कळायचंही नाही. पण गेल्या पानगळीत एक गोष्ट घडली. एका बाईचा कार्डिओग्राम काढायला त्यानं तिच्या छातीवर तारा लावल्या आणि नेमका तेव्हाच तिचा मुलगा खोलीत शिरला. मग जो आरडाओरडा झाला तो तिन्ही मजल्यांवर ऐकू गेला. डॉक्टर पेंचेवाबाईंनी मुलाला बसवून समजावलं, त्याच्या आईनंही त्यालाच झापलं, प्रकरण मिटलं. स्विलेनच्या मनातून मात्र ते मिटलं नाही. त्या दिवसापासून बाईच्या अंगाला हात लावायची वेळ आली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि तो काहीतरी निमित्त काढून एखाद्या सिस्टरला हाक मारायचा. त्याही जायच्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

वाटलं ते हेड सिस्टर बिस्त्राला.

"स्विलेन," ती एकदा चहाच्या वेळी म्हणाली, "आपल्याकडे निम्म्याहून जास्त पेशंट बायका. त्यातली एखादी तुझ्या ड्यूटीत कोसळली, तर काय करशील? मला निरोप धाडशील?"

"तशी वेळ आली तर करीन की, ताई."

"वेळ आल्यावर हात शिकत नाहीत. आधी शिकलेले असतात, तेच चालतात."

फेब्रुवारीत वर्षाचं ट्रेनिंग आलं. दरवर्षीचा कार्यक्रम ठरलेला होता. व्यायामाच्या खोलीत चटईवर तो रबराचा अर्धा माणूस आडवा टाकायचा, आणि एकेकीनं येऊन त्याची छाती दाबून जायचं. सपाट छातीचा, पाय नसलेला पुतळा. सिस्टर त्याला 'नवरदेव' म्हणायच्या, कारण तो कधी उलटून बोलत नसे.

त्या वर्षी बिस्त्रा पिशवीतून काय काय घेऊन आली. पायमोज्यांत घेवडा भरून बांधलेले दोन गोळे तिनं चिकटपट्टीनं नवरदेवाच्या छातीवर बसवले. वर स्वतःची जुनी ब्रा, त्यावर लोकरी बनियन, त्यावर फुलाफुलांचा नाइटगाऊन. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. "नवरदेवाची नवरी झाली गं!" कुणीतरी ओरडलं.

बिस्त्रानं त्यांना हसू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता ही पडलीय. श्वास नाही. चला."

आणि मग जी तारांबळ उडाली! नवरदेवावर ज्यांचे हात सुतारासारखे चालायचे, त्यांची बोटं गाऊनच्या गुंड्यांत अडकली. एक बनियनवरूनच दाबायला लागली. एकीनं शॉकच्या मशीनची पट्टी चक्क ब्रावर चिकटवली. एकीनं सगळं नीट उघडं केलं, दाबायला घेतलं, आणि मध्येच थांबून गाऊन परत ओढून घातला.

"हे काय करतेयस?" बिस्त्रानं विचारलं.

"थंडी वाजेल ना तिला."

"मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही. आधी जगव, मग पांघरूण घाल."

आता कुणी हसलं नाही. स्विलेन भिंतीला टेकून उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा तो पुढे सरकेना.

"रबराचीच आहे," बिस्त्रा म्हणाली.

"माहितीये."

"मग?"

तो गुडघ्यांवर बसला, कात्री घेतली, गाऊन कापला, बनियन कापलं. ब्रापाशी कात्री थांबली. कान पेटले. बिस्त्रा शेजारी बसली आणि इतर कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "छाती बघू नकोस. हाड शोध. हे मधलं हाड. ते बाईचंही इथंच असतं आणि बाप्याचंही इथंच असतं." तिनं त्याचा तळवा धरून बरोबर मधोमध टेकवला. "इथं. आता दाब. खाणीत ड्रिल दाबायचास तसा."

त्यानं दाबलं. घेवड्याचा एक गोळा सुटून गडगडत खोलीभर गेला, तरी तो दाबत राहिला.

शेवटी बिस्त्रानं सगळ्यांना गोल बसवलं. "सिनेमात हृदय बंद पडतं ते पुरुषाचं. छातीवर हात, डोळे पांढरे, धप्प. बाईचं पुष्कळदा असं होत नाही. बाई म्हणते जबडा दुखतोय. पाठीत भरून आलंय. मळमळतंय. आणि वर म्हणते, काही नाही गं, जरा दमलेय. हे 'काही नाही गं' ऐकलं की मशीन उचलायचं. नुसतं बघायला जायचं असलं तरी ते घेऊन जायचं. लागलं नाही तर परत आणून ठेवा. हात झडत नाहीत."

मार्च लागला. सगळ्यांच्या मनगटांवर वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे आले, डोंगरावरचं बर्फ मऊ पडलं. एका दुपारी, जेवणाच्या जरा आधी, तळमजल्यावरच्या टेबलाशी स्विलेन एकटा होता. बिस्त्रा आणि डॉक्टर पेंचेवाबाई वरच्या मजल्यावर एका पेशंटपाशी अडकलेल्या. फोन वाजला. स्तोइना.

"बिस्त्राला धाड इकडं. रायनाला बरं नाहीसं वाटतंय."

रायना म्हणजे बेकरीवाली. पन्नाशी उलटलेली, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इथं आली होती. आल्यापासून इथल्या पावाला नावं ठेवत होती.

"काय होतंय तिला?"

"काही नाही रे, गरम पाणी बाधलं. जबडा धरून बसलीय. दाढ असेल. ओकारी आल्यासारखं होतंय म्हणते."

"धाडतो," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि वर लावला. वर कुणी उचलेना. त्यानं पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली आणि तेवढ्यात त्याच्या मनात आलं, की पुरुषांच्या हौदात कुणी असा जबडा धरून बसला असता तर मी हा फोन लावला असता का? मी आत्तापर्यंत तिथं पोचलो नसतो का?

त्यानं भिंतीवरचं मशीन खाली काढलं. जाताजाता मालीशच्या खोलीत डोकावून ओरडला, "वर पळा, डॉक्टरांना सांगा बायकांच्या हौदाकडे!" आणि धावत सुटला. धावताना आपण वेडेपणा करतोय असंच त्याला वाटत होतं. दाढच दुखत असेल तर? हा एवढा बाप्या डबा घेऊन बायकांत घुसला म्हणून गाव वर्षभर हसेल.

दारात स्तोइना. "तू? तू कुठं निघालास?"

"आत."

"अरे आत बायका आहेत!"

"म्हणूनच."

"बिस्त्राला बोलाव म्हटलं मी! ते काही नाही, मी असेपर्यंत..."

आतून ओल्या फरशीवर काहीतरी जड पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळ्या. स्विलेननं मशीन खाली ठेवलं, स्तोइनाला खुर्चीसकट उचललं, बाजूला ठेवलं, मशीन घेतलं आणि दार ढकललं.

आत वाफेनं काही दिसेना. मग दिसलं. हौदाच्या काठाशी रायना उताणी पडली होती, अंगात निळा पोहण्याचा पोशाख. भोवती सगळ्या बायका, कुणी अर्ध्या, कुणी पुरत्या उघड्या. त्याला बघताच अशी काही बोंब उठली की वरच्या काचा थरारल्या. "बाहेर हो! डोळे मीट मेल्या! स्तोइना, अगं मेलीस का तू?" जिच्या हाताला जे लागलं ते तिनं ओढून घेतलं, आणि उरलेले टॉवेल, झगे सगळे मिळून रायनावर टाकले. हनुवटीपासून पावलांपर्यंत ती झाकून गेली.

तो गुडघ्यांवर बसला. "रायनाबाई! रायनाबाई!"

"घोरतेय ती," एक बाई म्हणाली. "श्वास चाललाय, बघ ना!"

त्यानं पाहिलं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडायचं, मोठ्ठा आवाज यायचा, मग काहीच नाही. मग बऱ्याच वेळानं पुन्हा एक. हा श्वास नव्हे, हे त्याला माहीत होतं. त्यानं टॉवेल भिरकावले. पांढऱ्या केसांच्या एका म्हातारीनं, रोज गावातून डुंबायला येणाऱ्या नेदाआजीनं, त्यातला एक उचलून परत रायनाच्या छातीवर घातला. त्यानं फेकला. तिनं पुन्हा घातला.

"आजी!" तो ओरडला, आणि आपला आवाज ऐकून त्याचा त्यालाच धक्का बसला. "लाज राखायचीय ना तिची? मग तो टॉवेल तिच्यावर नको, तिकडं धरा. पडद्यासारखा!"

नेदाआजीनं टॉवेल परत उचलला. मग वळली आणि शाळेतल्या बाईच्या आवाजात म्हणाली, "पोरींनो! पाठी फिरवा! टॉवेल धरा! गोल!" आणि त्या सगळ्या ओल्या, थरथरणाऱ्या बायका त्याच्याकडे पाठ करून, हात लांब करून, टॉवेलांची भिंत धरून उभ्या राहिल्या.

त्यानं रायनाला काखेत धरून पाण्याच्या थारोळ्यातून कोरड्या फरशीवर ओढलं. छाती बघू नकोस, हाड शोध. हाड सापडलं. तो दाबू लागला. काही वेळानं हाताखाली कट्कन वाजलं, बरगडी गेली. ते ऐकून एक बाई रडायला लागली. तो थांबला नाही.

"स्तोइनामावशी! मशीनचं झाकण उघडा! आत कात्री आहे, ती द्या!"

स्तोइना धावत आली होती. कात्री तिनं बरोबर दिली. "आता तुम्ही दाबा. इथं. सगळं वजन टाकून, जोरात."

"मोडेल रे ती!"

"मोडू दे. दाबा!"

स्तोइनानं दाबलं. त्यानं खांद्यापासून कमरेपर्यंत पोशाख कापला, बाजूला सारला, टॉवेलनं छाती खसाखसा पुसली. एक पट्टी उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली. डावा स्तन हाताच्या पाठीनं वर उचलून दुसरी त्याच्या खाली, काखेच्या बाजूला. हे करताना आपल्या कानांचं काय झालं, ते त्याला नंतर कितीही आठवूनही आठवेना.

"सगळे लांब!" मशीन बोललं, आणि तोही ओरडला. रायनाचं अंग उडालं. तो लगेच पुन्हा दाबायला लागला. दार धाडकन उघडलं. बिस्त्रा आली, पाठोपाठ डॉक्टर पेंचेवाबाई. बिस्त्रानं एका नजरेत सगळं पाहिलं, रायनाच्या डोक्याशी बसून तोंडावर मास्क दाबला आणि पिशवीनं हवा भरू लागली. डॉक्टर सुईसाठी शीर शोधत होत्या. "दाबत राहा, छान चाललंय, दाबत राहा." पुन्हा मशीन बोललं, पुन्हा सगळे लांब, पुन्हा शॉक, पुन्हा तो वाकला. एवढ्यात त्याच्या मनगटाला काहीतरी लागलं.

रायनाचा हात होता. ती त्याचा हात ढकलत होती.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांची बोटं रायनाच्या गळ्यावर. "थांबा, थांबा. आहे. नाडी आहे!"

रायना कण्हली. कुणाचं कण्हणं स्विलेनला आयुष्यात इतकं गोड लागलं नव्हतं. डॉक्टर तिच्यावर वाकल्या, "ऐकू येतंय का माझं?" तेव्हा तिनं मान किंचित आडवी हलवली. आमच्याकडे 'हो' असंच म्हणतात.

बिस्त्रानं ब्लँकेट उलगडलं आणि तिच्या हनुवटीपर्यंत ओढून चारी बाजूंनी खोचलं. बाळाला गुंडाळतात तसं.

अँब्युलन्स आली, डॉक्टर स्वतः तिच्याबरोबर जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात गेल्या. स्विलेन हौदाच्या पायरीवर बसून राहिला. पँट गुडघ्यापर्यंत ओली. टॉवेलांची भिंत अजून तशीच उभी होती, ती धरायचं आता कारण नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मग एकीनं मागं वळून पाहिलं आणि किंचाळली, "अगंबाई! हा अजून इथंच!"

आणि सगळ्या हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, रडता रडता एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या. नेदाआजीनं आपला टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला. "हे घे, डोळे झाक आणि नीघ. काम झालं तुझं, मेल्या." मग टॉवेलावरूनच त्याच्या डोक्याचा मुका घेतला. तो आंधळ्यासारखा भिंत चाचपत बाहेर गेला.

बाहेर बिस्त्रा उभी होती. तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. "मशीन घेऊन गेलास," ती म्हणाली. "पडायच्या आधी निघालास."

"आधी तुम्हाला फोन लावला, ताई. दोनदा."

"हो. पण तिसऱ्यांदा नाही लावलास."

फोन दुपार कलताना आला. डॉक्टर पेंचेवाबाईंचा. बंद पडलेली नस उघडली, जाळी बसवली, पेशंट शुद्धीवर आहे, बोलतेय. "काय बोलतेय?" बिस्त्रानं विचारलं. "इथला पावही वाईट आहे म्हणतेय." बिस्त्रानं ते मोठ्यानं सांगितलं, तेव्हा टेबलाशी जमलेल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी लपवलेली चॉकलेटं काढली.

तेवढ्यात स्तोइना धापा टाकत आली. "स्विलेन, तू मागच्या दारानं जा. रायनाचा नवरा आलाय. झेल्यो. तिचं सामान न्यायला. त्याच्या हातात तो कापलेला पोशाख आहे, आणि विचारतोय, हे कुणी कापलं."

झेल्यो जंगलखात्यात होता. ओंडके एकट्यानं उचलायचा. स्विलेनला तो ओरडणारा मुलगा आठवला.

"मी येते तुझ्याबरोबर," बिस्त्रा म्हणाली.

"नको, ताई."

झेल्यो व्हरांड्यात उभा होता. टोपी काखेत, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत निळं कापड.

"तू कापलंस?"

"मीच. मीच कापलं, मीच उघडं केलं. बरगडीही माझ्याच हातून मोडली. दुसरा इलाज नव्हता, काका."

झेल्योची हनुवटी हलायला लागली. मग एवढा मोठा माणूस मटकन बाकावर बसला.

"मोठ्या इस्पितळातले डॉक्टर फोनवर म्हणाले," तो म्हणाला, "कापायला जो लाजला असता, त्यानं हिला घालवलं असतं." टोपी गुडघ्यावर ठेवून पुढे म्हणाला, "काल रात्री फोनवर म्हणाली होती मला, जबडा दुखतोय. मी म्हटलं, काढून टाक ती दाढ. चेष्टा केली मी. तेवढंच सुचलं मला."

"तिलाही तसंच वाटलं होतं, काका. इथं सगळ्यांना तसंच वाटलं."

"तुला नाही वाटलं?"

"मलाही वाटलं. फक्त मशीन घेऊन गेलो."

झेल्योनं बाहीनं नाक पुसलं. मग त्याच्याकडे नीट बघत म्हणाला, "तू जेवलायस का?"

जेवण राहूनच गेलं होतं, हे स्विलेनला तेव्हा कळलं. झेल्योनं कोटाच्या खिशातून कागदात बांधलेला पाव आणि चीज काढलं. जंगलात न्यायचं दुपारचं जेवण, त्याचंही खायचं राहिलेलं. मधोमध मोडून अर्धं त्याच्या हातात दिलं. दोघंही बाकावर बसून जेवले. पाव रायनाच्या बेकरीतला होता आणि खरोखरच इथल्यापेक्षा कितीतरी चांगला होता.

ईस्टर उलटल्यावर रायना राहिलेले उपचार घ्यायला परत आली. थोडी वाळलेली, पण तोंड पूर्वीसारखंच चालू. तळमजल्यावर शिरताच तिनं स्विलेनला गाठलं.

"ए ब्रदर! तो पोशाख माझ्या मुलीनं इटलीहून धाडला होता. शिवणीवरून कापायला काय झालं होतं तुला?"

"घाईत होतो, मावशी."

"घाईत होता म्हणे! आणि ही बरगडी. हसलं की कळ येते, आणि या बायका मला हसवायच्या थांबत नाहीत." तिनं त्याचा गाल धरून खेचला, आणि धरलेला हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला. तिचे डोळे भरून आले, तसं तिनं तोंड फिरवलं आणि हातातली गरम पावांची पिशवी टेबलावर आदळली. "खा. सगळ्या मिळून खा. इथला खाऊन मरायला टेकलात."

त्या दिवशी तिचा कार्डिओग्राम काढायचा होता. स्विलेननं कुणाला हाक मारली नाही. आधी विचारलं, "लावू का, मावशी?" ती म्हणाली, "आता विचारतोय!" आणि आडवी झाली.

डॉक्टरांनी अजून तिला गरम पाण्यात जायची परवानगी दिलेली नाही, तरी गप्पा मारायला म्हणून ती इतर बायकांबरोबर हौदापाशी जाऊन बसते. रोज सकाळी त्यांची वरात झगे गुंडाळून, चपला फटफटवत स्विलेनच्या टेबलापुढून जाते. जाताना एकीला तरी राहवत नाही.

"आज येतोयस का रे आत?"

"नाही बुवा, स्तोइनामावशी मारील."

"बरं, बाहेरच बस," नेदाआजी म्हणते. "पण लांब जाऊ नकोस हो."